वरपक्षाचा जिंजर सोडा

“हा सुंठीचा सोडा हाय का ताक?” बाबारावजींनी बाटली उजेडात धरली.

पुलगावातल्या त्यांच्या सोड्याच्या कारखान्यात मी नवाच केमिस्ट होतो. जिंजर ही माझीच टूम. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतणीचं लग्न, जेवणानंतर पाहुण्यांना जिंजर द्यायचं ठरलेलं, आणि भरलेल्या सगळ्या बाटल्या गढूळ!

“उद्या माही इज्जत गेली, तर तुम्ही परवाच्या गाडीनं गावाले जाजा.”

कारण मला ठाऊक होतं. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या सुंठेतून राळेसारखा चिकट भाग अर्कात उतरतो. पाण्यात तो विरघळत नाही, म्हणून पाणी दुधाळ होतं. जिल्ह्यात दारूबंदी, स्पिरिट परमिटवर. नवा अर्क करणं शक्यच नव्हतं. हाताशी उरलेला थोडाच होता.

खलात मॅग्नेशियाची पांढरी पूड घेतली. त्यात अर्क घोटला, पाणी घातलं, फिल्टर पेपरातून गाळलं. पूड राळ धरून ठेवते. खाली थेंब पडू लागले आणि काय सांगू, काचेसारखे स्वच्छ! मी खल तसाच टाकून बाबारावजींकडे धावलो. चव बघायला कोण थांबतो?

“वा! असं पाह्यजे!” ते खूश झाले. “पण हे तं कमीच हाय.”

“हे वरपक्षाला. गढूळ आपल्या घरच्यांना.”

मांडवात वडाभात झाला, वर तेलाची धार. सोड्याच्या बाटल्यांच्या तोंडातल्या गोट्या फटाफट आत गेल्या. वधूपक्षाच्या पंगतीतून ढेकरांवर ढेकर! वरपक्षाकडून मात्र एकही नाही. नवरदेवाचे मामा आमच्या एका माणसाची बाटली हिसकावून प्यायले, ठसकले आणि गरजले, “तुमच्या लोकायले असली माल, अन् आमाले साखरेचं पाणी? काऊन? आम्ही का परके हाओ?”

रुसवा! राळेबरोबर सुंठेचा तिखटपणाही पुडीत अडकला होता, हे मला तेव्हा कळलं. बाबारावजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे स्टेशन आलं.

“मामाजी,” मी हात जोडले, “हा सोडा नुसता घसा ओला करायचा. खरा आता येतो.”

घरच्यांच्या हातातल्या न फोडलेल्या बाटल्या गोळा करून मीच पळत वरपक्षाला वाढल्या. मामांनी एका दमात बाटली संपवली. मग असा ढेकर दिला की बायका पदरात हसल्या.

“आता पोरगी आमची!” मामा म्हणाले.

सोमवारी बाबारावजींनी मॅग्नेशियाचा डबा माझ्या टेबलावरून उचलून नेला. नोकरी राहिली. प्रयोगशाळेत अर्क डोळ्यांनी पास होतो, पण त्याची खरी परीक्षा वडाभात खाल्लेलं पोटच घेतं.