हललेल्या बाळाचा फोटो

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. सासूबाईंनी जिवापाड जपलेले पाच रुपये खर्चून तान्ह्या बाळाचा फोटो काढवला, आणि तो मी नासवला. कशापायी? तर नथ दाखवायच्या हौसेपायी. वय अठरा होतं. अक्कल किती होती, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

लढाईची वर्षं होती. आमचे हे फौजेच्या कोठारात कारकून म्हणून लागले होते, तिकडे पार आसामात. रजा मागितली तरी मिळत नसे. आधीचा आमचा एक मुलगा बाराव्या दिवशी गेला होता. तो जन्मला तेव्हा ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ असं पत्र टाकलं होतं. ते ह्यांच्या हाती पडलं पंधरा दिवसांनी. ह्यांनी सोबत्यांना साखर वाटली, तेव्हा इकडे बाळाला जाऊन तीन दिवस झाले होते. खरी बातमी मागाहून पोचली.

म्हणून मुलगी झाल्याचं कळवल्यावर ह्यांचं उत्तर आलं, ते मीच सासूबाईंना वाचून दाखवलं. चौथी शिकल्याचा माझा फार रुबाब होता घरात. वाचता वाचता रुबाब उतरला. पत्र दोनच ओळींचं: ‘सुखरूप असं लिहू नका, त्या शब्दावर आता माझा विश्वास बसत नाही. मुलीचा फोटो काढून पाठवा.’

सासूबाई उठल्या आणि गाडग्यात हात घालून पुरचुंडी काढली. पितळी गंगाळ घ्यायचं म्हणून दोन वर्षं तूप विकून जमवलेले पैसे होते ते.

मुलीचा सव्वा महिना पुरा झाला आणि सारंगखेड्याची यात्रा भरली. यात्रेत सुरतेकडचा एक फोटोवाला तंबू टाकतो, असं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या म्हसावदहून पहाटे गाडी जुंपली, ती दुपार व्हायच्या आत पोचलो. चहूकडे घोडे, घोड्यांचे सौदे, धूळ. आणि त्या सगळ्यात एक तंबू, आत कापडावर रंगवलेला महाल, महालाच्या पायरीवर एक हंस. हंसाचं तोंड बदकाचं होतं, पण मला तेव्हा ते फार भारी वाटलं.

फोटोवाल्यानं भाव सांगितला. मोठ्या माणसाला अडीच रुपये, तान्ह्या बाळाला पाच.

सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “इतलंसं पोर, अन इतला पैसा? रेलमा कडेवरना पोरले तिकीट बी नही लागत!”

“माजी,” तो शांतपणे म्हणाला, “रेलमध्ये पोर हललं तर रेलचं काय जातं? इथं हललं तर फोटो उमटायची माझी काच वाया जाते. लढाईमुळे काच मिळत नाही, ती धुवायची औषधं मिळत नाहीत. मोठा माणूस आला की मी पाच मिनिटांत मोकळा. बाळ आलं की आधी ते रडणार, मग पिणार, मग ओलं करणार. ते निजेपर्यंत मी दुसरं गिऱ्हाईक घेत नाही. अर्धा दिवस त्याचाच.”

नारळावरून दुकानदाराला घाम फोडणाऱ्या माझ्या सासूबाई, त्यांनी पैसे मोजून दिले. मला हळूच म्हणाल्या, “याले पोरेसनी खबर शे.” लेकरांची जाण आहे माणसाला, असं त्यांचं म्हणणं.

आणि खरंच होती. त्यानं तंबूचा पडदा उन्हाकडून बांधून घेतला, म्हणजे बाळाच्या डोळ्यावर येऊ नये. स्वतःचे हात शेगडीवर शेकले आणि मगच मुलीची मान सरळ केली. कपाळावरची काजळाची तीट केवढी मोठी होती, ती सासूबाईंना विचारून थोडी पुसली. मग मला म्हणाला, “बेन, तुम्ही खुर्चीवर बसा, बाळाला मांडीवर घ्या. तुमच्यावर हे कापड टाकतो. तुमचा हात बाळाला धरून राहील, पण फोटोत दिसेल बाळच.”

सासूबाईंना ते फार पटलं. सुनेचा चेहरा फौजेतल्या दहा माणसांच्या हातातून फिरावा, हे त्यांना नकोच होतं.

मला मात्र ते कापड झोंबलं. मी नथ घालून आले होते! बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. वेणीत शेवंती माळली होती. आणि हा माणूस मला खुर्चीसारखी झाकून ठेवणार?

मुलगी पिऊन निजली. मी बसले कापडाखाली. फोटोवाला म्हणाला, “आता कुणी हलायचं नाही,” आणि त्यानं कॅमेऱ्याच्या डोळ्यावरची टोपी काढली. “एक...”

मी कापड सारून तोंड बाहेर काढलं, आणि दात दाखवून हसले.

“वो माय!” सासूबाई ओरडल्या. मुलगी दचकून जागी झाली, हातपाय झाडायला लागली. “तीन,” असं म्हणून फोटोवाल्यानं टोपी परत बसवली आणि कपाळाला हात लावला.

दुपारी छापलेला कागद हाती आला. त्यात मी होते. नथीचा मोती न् मोती मोजून घ्यावा. आणि मांडीवर काय, तर धुरासारखा पांढरा पुंजका. त्यातून एक हात निघालेला, का तीन, ते सांगता येईना. दुसरी काच घ्यायची तर पुन्हा पाच रुपये. ते होते कुणाकडे?

गाडीत अर्ध्या वाटेवर सासूबाईंनी तो कागद पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, “फोटो तं तुन्हा निंघना. मन्हा पोऱ्याले काय दखाडू?” फोटो निघाला तो माझाच, त्यांच्या लेकाला काय दाखवायचं?

मी रडले. खोटं कशाला सांगू, आधी रडले ते नथीसकट मूर्ख दिसत होते म्हणून. ह्यांच्या जिवाचा विचार घरी पोचल्यावर आला, आणि मग जेवण जाईना. पोर दिसत नाही म्हणजे ह्यांना काय वाटेल? पोर नाहीच, नुसतं गाठोडं मांडीवर घेऊन फसवतायत, असंच ना?

पण न पाठवणं त्याहून वाईट. फोटो पाकिटात घातला. सोबत काय लिहावं ते सुचेना. सुखरूप लिहायची चोरी. शेवटी लिहिलं, ‘मुलगी हलली. चूक माझी.’

पौष गेला, माघ गेला, उत्तर नाही. टपालवाला आमच्या दारावरून पुढे जाई तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघत नसत, हे मला बघितल्यापेक्षा जास्त लागे. मी नथ काढून ठेवली ती ठेवलीच. मुलगी मात्र हसायला लागली, कुशीवर वळायला लागली, तिला कुणाची फिकीर नव्हती.

चैत्रात हे स्वतःच आले. न कळवता. अंगणात पाय धुतले, आईच्या पाया पडले, आणि सासूबाईंनी मुलगी त्यांच्या हातात दिली. किती वेळ तिच्याकडेच बघत बसले होते. वडीलधाऱ्यांसमोर आम्ही एकमेकांशी बोलत नसू, म्हणून मी आपली चुलीपाशी.

संध्याकाळी मागच्या दारी पाण्याचा तांब्या द्यायला गेले. ह्यांनी खिशातून तो फोटो काढला. कोपरे गेलेले, मधून घडी पडलेली. मी मान खाली घालून म्हटलं, “पाच रुपये पाण्यात गेले. पोर दिसतच नाही त्यात.”

ह्यांनी तांब्या खाली ठेवला. म्हणाले, “पोर हालनी म्हनीसनच फोटो बिघडना ना? मी तवयच समजनू, पोर जित्ती शे.”