आत्याबाईंची आडवी नजर

भानामती, चकवा, विहिरीवरची बाई... या सदरात येणारं सगळं मी आजवर चहा पिता पिता वाचलंय आणि नवऱ्याला वाचून दाखवून हसलेय. नर्सिंग कॉलेजात अठरा वर्षं शरीररचना शिकवते मी. फळ्यावर आकृती काढून दाखवता येईल तेवढ्यावरच माझा विश्वास. त्यामुळं हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

आम्ही पुंडलिकनगरला राहतो. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आमच्याकडंच होत्या. धाकटे दीर वाळूजला कंपनीत, ते आणि माझी जाऊ शोभा तिकडंच राहतात. चार वर्षांपूर्वी दिवाळी झाल्या झाल्या आत्याबाईंना स्ट्रोक आला. मेंदू खाली मणक्यात उतरतो ना, त्या देठाला ब्रेनस्टेम म्हणतात. अंगठ्याएवढाच, पण त्याला तीन मजले – वर मिडब्रेन, मध्ये पॉन्स, खाली मेड्युला. श्वास आणि हृदय मेड्युला सांभाळतो. आत्याबाईंचा गेला तो मधला मजला, पॉन्स. मेंदूचे हुकूम तिथूनच खाली अंगाला जातात. त्यामुळं हात, पाय, जीभ, चेहरा, सगळं बंद. पण जाग शाबूत, कान शाबूत. बाईला सगळं कळायचं, सांगता काही यायचं नाही.

फक्त डोळे वर-खाली व्हायचे आणि पापण्या मिटायच्या, कारण ते काम वरच्या मजल्याचं. डोळे आडवे फिरवणारं केंद्र पॉन्समध्ये, तेच मेलेलं. मी रोज पेन धरून बघायचे, डावीकडं-उजवीकडं बुबुळ केसभरही सरकायचं नाही. मग मीच खूण बसवली. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही.

दहा महिने मी त्यांना नळीनं भरवलं, कूस बदलली, कफ काढला, कॉलेज सांभाळून. आणि शोभा? रविवारी यायची, तेल लावून केस विंचरायची, संध्याकाळी परत. आल्यागेल्यांच्या तोंडी तिचंच कौतुक – धाकटी किती जीव लावते हो! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं. स्पष्टच सांगते, मी जळायचे. आत्याबाई बोलत्या होत्या तेव्हाही माझ्या पुरणपोळीला ‘बरी झालीय’ आणि तिच्या साध्या पिठल्याला ‘लई झ्याक’.

आमच्यात महालक्ष्म्यांचे मुखवटे सासू हयातीतच एका सुनेच्या ओटीत घालते. थोरलीलाच द्यायचे असा नेम नाही, सासू म्हणेल तिला. मग सणाला सगळी भावकी तिच्या घरी. मला ते हवे होते. भक्ती वगैरे नाही हो... या बाईनं एकदा चारचौघांत मला आपलं म्हणावं, एवढंच.

श्रावणातला रविवार, सकाळचे अकरा. चिकलठाण्याहून चुलत सासरे आले होते. मुखवट्यांचं काय करायचं, असा विषय निघाला. ते म्हणाले, "ती शुद्धीत हाय ना? मग तिलाच इचारा की."

पुरुष मंडळी पलंगाच्या उशाशी उभी होती, त्यांना आत्याबाईंचे डोळे दिसत नव्हते. समोर मी एकटी. शोभा माझ्या डाव्या हाताला, खिडकीशी, आमच्याकडं पाठ करून चादरीची घडी घालत होती. मी वाकून विचारलं, "आत्याबाई, महालक्ष्म्या माझ्याकडं ठेवायच्या ना?"

डोळे वर गेले नाहीत. मिटलेही नाहीत. ते सरकले... आडवे. माझ्या तोंडावरून निघून सावकाश खिडकीकडं गेले आणि शोभावर थांबले. घडी ठेवायला ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटाकडं गेली, तर डोळे तिच्या मागोमाग तिकडं. मान कुणी हलवली नव्हती, उशी जागच्या जागी होती.

"काय म्हणली?" चुलत सासऱ्यांनी विचारलं.

"हो म्हणाल्या," मी म्हणाले.

आत्याबाईंचा हात मुखवट्यांना लावून शोभानंच ते माझ्या ओटीत घातले. वर म्हणाली, "बरं झालं ताई. तुमच्याइतकं कुणी केलं असतं?" मी मान खाली घालून नुसतं हसले.

त्याच दुपारी मी परत पेन धरला, टॉर्च धरला. काही नाही. पुढच्या रविवारी शोभाला मुद्दाम डावीकडं उभं केलं, हाका मारायला लावल्या. नजर सरळच्या सरळ. डॉक्टरांना विचारलं, फक्त शोभाचं नाव न घेता. पुन्हा एमआरआय केला, काडीचा फरक नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच हे शिकवता ना? ते केंद्रच उरलेलं नाही. तुम्ही थकलाय." पितृपक्षात आत्याबाई गेल्या.

तीन वर्षं झाली. माझ्याकडं याचं स्पष्टीकरण नाही, डॉक्टरांकडंही नाही. असं होऊच शकत नाही, मग मी खोटं कुठं बोलले, अशी मनाची समजूत घालत आलेय. पण मी पाहिलंय.

शोभा हे सदर वाचते, मला माहितीय. शोभा, मुखवटे तुझे आहेत गं. यंदा सणाआधी येऊन घेऊन जा. ते द्यायचं मला वाईट वाटत नाही. त्या खोलीत दहा महिने मी दिवसातून पन्नासदा इकडून तिकडं गेले असेन. माझ्यामागं ती नजर एकदाही आली नाही.