पिंपळावर मुंज्या कुठला?

माझी आत्या शालन हिचा राग सगळ्या वारणानगरला ठाऊक आहे. होस्टेलच्या मेसमध्ये तिनं उभा जन्म भाकऱ्या थापल्या. ताटात अन्न टाकणारा पोरगा कुणाचाही असो, तिनं त्याला कधी सोडला नाही. पण तिचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर. आमचं गाव वर सह्याद्रीत होतं. वाघ-गव्यांसाठी ते उठवलं आणि माणसं ट्रकात भरून खाली वसाहतीत आणून ओतली. तिथं आता राष्ट्रीय उद्यान आहे. कुणी जंगल म्हटलं की आत्या फाडकन म्हणते, “जंगल तुमचं. माझं गाव हाय त्ये.”

गावाच्या कडेला आमची वस्ती, आणि वस्तीत एक पिंपळ. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आज्यानं तो बोधिवृक्ष म्हणून लावला. आत्या लहानपणी ओढ्यातनं कळशी आणून त्याला पाणी घालायची. खाली आल्यापासून तिचं एकच म्हणणं होतं, मरायच्या आधी एकदा त्या बुंध्याला हात लावायचा.

मी प्रसेनजीत. कसबा बावड्यात राहतो, पर्यटकांची गाडी चालवतो. पन्हाळा, आंबा घाट, उद्यान, राधानगरी ही माझी नेहमीची फेरी. आमच्या गावाच्या अंगाचा रस्ता पर्यटकांना खुला झाला तो गेल्या वर्षी. लगेच मुंबईच्या एका कुटुंबाला विचारून मी आत्याला पुढच्या सीटवर घेतलं. उद्यानाच्या गेटवर उदयसिंह नावाचा गाईड मागं चढला.

दर वळणाला पाहुणे हरखत होते. दरी दिसली की उतर, फोटो काढ. आत्या एकदाही उतरली नाही.

“काय बघायचं त्यात? आमची शेरडं चरायची हितं,” ती म्हणाली.

पिंपळ दिसला तसं तिनं माझं मनगट गच्च धरलं. मी गाडी थांबवली.

“पाच मिण्टं उतरू दे बाबा,” ती गाईडला म्हणाली.

“न्हाय जमायचं आजी. मागं पाइंटावर चालतं, पर हितं गवं असत्यात, उतरायला बंदी हाय,” उदयसिंह म्हणाला. मग पाहुण्यांकडं वळून आवाज खाली आणत सांगू लागला, “ह्या पिंपळावर मुंज्या हाय. त्याच्या भ्यानं अख्खं गाव एका रातीत पळून गेलं.”

माझं डोकंच सणकलं. पण मी काही बोलायच्या आत आत्याचं दार उघडलं होतं. ती तरातरा गेली आणि बुंध्याला हात लावून उभी राहिली. पदर खाली आला होता, पांढरे केस सुटले होते.

“मुंज्या? आरं, आमच्यात मुंजच लागत न्हाय, मुंज्या कुठला आणलास?” ती ओरडली. “माझ्या बानं लावलंय ह्ये झाड! आनि पळालो न्हाय आमी, ट्रकात घालून न्हेलं आमाला! सांग की त्यास्नी!”

पाहुण्यांनी काचा वर केल्या आणि आतून व्हिडिओ काढला. काय झालं, कुठलं गाव, एकानंही विचारलं नाही. त्या काचा आठवल्या की आजही माझ्या मस्तकात तिडीक जाते.

नियम मोडला म्हणून गेटवर आत्याला कायमची बंदी झाली. तिथं गवे चालतात, आत्या चालत नाही. मी उदयसिंहाच्या अंगावर धावून गेलो.

तो थंडपणे म्हणाला, “पावणं, लोकास्नी श्टोरी लागती. खरं कोण ऐकतंय?”

यंदा दुसरे पर्यटक घेऊन गेलो. गाईड म्हणून उदयसिंहच वाट्याला आला. पिंपळ जवळ आला तसा त्याचा आवाज पुन्हा खाली गेला. “हितं एक बाई दिसती. पांढरं क्यास मोकळं सोडल्यालं. झाडाला हात लावून किंचाळती. मोबाईलवर फिरतुय बघा तिचा व्हिडिओ.”

मी करकचून ब्रेक दाबला आणि मागं वळलो.

“ती माझी आत्या हाय!” मी ओरडलो. “शालन नाव हाय तिचं. तिच्या बाचं झाड हाय ह्ये!”

मागच्या सीटवरच्या एका मुलीनं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला.

“अय्या, खरंच? कधी वारल्या त्या?”