टाकीवरचा झेंडू

नव्वदच्या आसपास मी झरीच्या शाळेत मास्तर होतो. परभणीहून सुटणाऱ्या एसटीत तो रोज असायचा. गावोगाव गायींना गोठवलेलं वीर्य भरणारा माणूस. नाव मी कधी विचारलं नाही. विचारावं असं त्याच्यात काही नव्हतं. नायट्रोजनची टाकी तेवढी खिडकीशी बसवायचा आणि स्वतः उभा राहायचा. खंडेनवमीला तिला हळदकुंकू, झेंडूचा हार. आतला नायट्रोजन उडाला की वीर्य मरतं, हे त्यानंच मला सांगितलेलं. पण झाकण काढून आत किती उरलाय ते बघताना तो मला कधी दिसला नाही. एकदा विचारलंच.

“गुरजी, आत कोण बघायलंय?” तो दात कोरत म्हणाला. “गाय गाभण न्हाई राह्यली तर तिचं नशीब.”

परवा भाचीसोबत शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिचे गर्भ तिथं गोठवून ठेवलेत. आता याला कायदा आहे, तिनं गठ्ठाभर कागदांवर सह्या केल्यात. मी तिथल्या माणसाला विचारलं, “नायट्रोजन कोण तपासतं?”

“काका, विश्वास ठेवा,” तो हसला.

त्याच्या मागं टाकी होती. टाकीवर झेंडूचा ताजा हार.