‘विलोबी’ सिंगापूरला कशी मोडली

सार्सची साथ नुकतीच ओसरली होती. सिंगापूरच्या विमानतळावर प्रत्येकाचा ताप तपासत होते. मी खोकलो, तसे दोघे माझ्याकडे बघत राहिले. माझाही तिथे कुणावर विश्वास नव्हता. टॅक्सीवाला लांबून नेतोय, असे मी लेकीच्या, मीनाच्या, कानात सांगितले.

“बाबा, रस्ता मला माहीत आहे,” ती म्हणाली.

मीना सेम्बावांगला राहते. तिच्या खिडकीतून गोदीच्या क्रेन दिसतात. मी त्या गोदीसाठीच आलो होतो. माझे वडील ‘विलोबी’ या इंग्रजांच्या विनाशिकेवर आगवाले (बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे) होते. पहिल्या महायुद्धात ती पाणबुड्यांमागे धावली, पुढे तिला पूर्वेकडे धाडले. “बोट सिंगापूरला मोडली,” एवढेच वडील सांगत. ते गेल्यावर शाळेच्या स्मरणिकेत मी लिहिले, की जपानी बॉम्ब पडून ती बुडाली. गावचे तुकाराम सुर्वे त्याच बोटीवर होते. ते म्हणाले, असे काही घडलेच नाही. मी भर सभेत विचारले, “बोट बुडाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?” तेव्हापासून गाव त्यांना पळपुटा म्हणू लागले.

गोदीजवळ एका चिनी म्हाताऱ्याचे जुन्या सामानाचे दुकान आहे. त्याने कोपी (घट्ट दुधाची कडक कॉफी) पुढे केली. मी ती आधी हुंगली. भिंतीवर पितळी पाटी होती, ‘विलोबी’. अक्षरे फारच चकचकीत. बनावट असणार. ही बोट लढाईत बुडाली, असे मी त्याला सुनावले.

तो मीनाकडे बघून हसला. “बुडाली असती तर मी विकतोय काय अंकल, समुद्र?”

त्याच्या बापाने ती भंगारात घेतली होती, जपानी यायच्या कितीतरी आधी. म्हाताऱ्याने खणातून एक जुना फोटो बाहेर काढला. अर्धी कापलेली बोट, वाळूत आडवी धुराडी, आणि बॉयलरचे दार दोन्हीकडून धरलेले दोन आगवाले. मी भिंग मागितले. एकाच्या कानाची पाळी तुटकी होती. ते वडील. दुसरे सुर्वे.

मोडली म्हणजे मोडीत काढली. ऐकण्यात माझी चूक झाली. सभेतला प्रश्न मात्र चुकून विचारला नव्हता.

परतल्यावर फोटोची प्रत घेऊन मी सुर्व्यांच्या मुलीकडे, सुमनकडे, गेलो. तिने मला उंबऱ्यातच उभे ठेवले.

“हा खरा कशावरून, मास्तर? तुम्ही आणलाय म्हणून?”

मी मुद्दाम आणलेले भिंग खिशातून काढून तिच्या हाती दिले.