सहावी ब मोठ्याने वाचते

इंग्रजी ग्रामर शिकवणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. वह्या तपासायला घेतल्या की आपोआप जमतात. माझ्याकडे बेलापूरच्या एका शाळेतली सहावी ब आहे, त्यामुळे साठा भरपूर.

*

पोरं वाचायची ती धाडधाड, कुठे थांबणं म्हणून नाही. मी वैतागून म्हटलं, "फुलस्टॉप आला की श्वास घ्यायचा." दुसऱ्या दिवशी वेदांत उभा राहिला, छाती भरून एक वाक्य वाचलं आणि गप्प. गाल फुगलेले.

"अरे, पुढे वाच ना."

"मॅडम, वाक्य छोटं होतं. श्वास उरलाय."

*

याच वेदांतचा आजारपणाचा अर्ज. मला ताप आहे! मी येणार नाही! आईने सांगितलंय! विचारलं, एवढा ओरडतोस कशाला? तर म्हणे, "साधं लिहिलं की तुम्हाला खरं वाटत नाही."

खोटं कशाला बोलू, नाहीच वाटत.

*

रियाने गाईवर निबंध लिहिला. चार पाय, दोन शिंगं, सगळं जागच्या जागी. शेवटचं वाक्य, 'काइंडली डू द नीडफुल.' तिचे पप्पा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कागदपत्रांचं काम बघतात. "पप्पांचा प्रत्येक मेल असाच संपतो," ती म्हणाली. मी मार्क कापला नाही. गाईचंही काम कोणीतरी करायला हवंच.

*

सानिका दिवाळे गावातली, कोळ्यांची पोर. लिहिण्यात वर्गात पहिली, पण बोलताना अडखळते. वाचनाची पाळी आली की पाणी प्यायला जायची, आणि मी जाऊ द्यायचे. पालकसभेच्या आधी स्वतःच आली. "मॅडम, म-मला स्टेजवर वाचायचंय." मी यादीत नाव लिहिलं, पण धास्तीनेच. पोरं हसली तर ही परत तोंड उघडायची नाही.

सभेच्या दिवशी तिची आई धापा टाकत आली. गेटबाहेर रिक्षात मासळीची पाटी. "मॅडम, माझे पोरीला पयली घ्या. बरफ वितलतंय, बाजार गाठायचा हाय."

घेतली पहिली. तिने स्वतः लिहिलेल्या ओळी होत्या. पहिली ओळ नीट गेली. दुसरीच्या पहिल्याच शब्दावर अडली. ओठ हलतायत, आवाज नाही. मागे कोणीतरी खुसखुसलं. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न मारला. मी उठायच्या बेतात होते.

तिची आई खुर्चीत मागे रेलून बसली.

"सावकास वाच गो बाय," ती म्हणाली. "आमाला कसली घाई हाय?"

सानिका शेवटची ओळ वाचून खाली उतरली, तोवर रिक्षाखाली पाणी साचलं होतं.