उभं असलेलं सास्तूर

रुबीनाचा फोन आला तेव्हा मी लोहाऱ्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. "बाई, आपल्या सुलोचनाबाई गेल्या..." एवढंच बोलून ती थांबली. कुणाची तरी मोटरसायकल पिशवीला घासून गेली, भाजीवाली विचारत राहिली, "बाई, जुडी घ्यायची का ठिवायची?" आणि मी ती तशीच हातात धरून उभी. सोलापूरच्या दवाखान्यातून त्यांना सास्तूरला घरी आणलं होतं ते आता उपचार नकोत म्हणूनच. जाणार हे आम्हाला माहीत होतं, त्यांना तर आमच्या आधी कळलं होतं. तरी मन तयार नव्हतं. माती देऊन आलो त्याला आता काही आठवडे झाले. आत्ता कुठं त्यांच्याबद्दल नीट चार ओळी लिहाव्यात असं वाटतंय.

सुलोचना बिराजदार आणि मी जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत कैक वर्षं शिकवलं. त्या मोठ्या, म्हणून मी त्यांना 'अहो बाई' म्हणायची आणि त्या मला 'अगं नलू'. कपाळावर विभूती, पदर कमरेला खोचलेला, आणि चूक दिसली की गप्प बसायचं नाही हा स्वभाव. घरात कन्नड, शाळेत मराठी, पण राग आला की शाळेतही कन्नड. मुलं त्यावरून ओळखायची की आता खरं चिडल्यात. एकदा आम्ही शिक्षक मंडळी नळदुर्गजवळच्या एका ढाब्यावर जेवायला थांबलो. भिंतीवरच्या फळ्यावर 'शेंगदाना चटणी' लिहिलेलं. बाईंनी मालकाकडून खडू मागितला, 'न'चा 'ण' केला आणि मग शांतपणे भाकरी मोडली. मालक हसत म्हणाला, "बाई, चव तीच ऱ्हाईल न्हवं?" बाई म्हणाल्या, "चव तुमची, ण माझा." परतीच्या वाटेवर आम्ही हसून हसून दमलो.

सास्तूर हे त्यांचं माहेर. लग्न होऊन त्या नळदुर्गला गेल्या होत्या. त्र्याण्णवचा भूकंप झाला त्या वर्षी गौरीला त्या माहेरी आल्या आणि गणपती विसर्जनाच्या आधीच लेकराला ताप आला म्हणून परत गेल्या. विसर्जनानंतरच्या त्या पहाटे त्यांची अव्वा, म्हणजे आई, आणि धाकटा भाऊ बसू दोघंही घराखाली गेले. वडील शेतात झोपायला गेलेले, ते वाचले. मग त्यांना बघायला म्हणून बाईंनी बदली मागून घेतली, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या वसाहतीत वडिलांना मिळालेल्या घरात नवऱ्यासह राहायला आल्या आणि तिथल्याच झाल्या. वडील गेले, पुढं नवराही गेला. मुलगा महेश नोकरीला सोलापुरात. या सगळ्याबद्दल त्या कधी बोलत नसत. कुणी विचारलं तर "झालं ते झालं" म्हणून वह्या तपासायला घ्यायच्या.

निवृत्तीनंतरच्या एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. महेशनं नवा मोबाइल दिला होता आणि बाई त्यात गावाचं नाव टाकून बघत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "नलू, हे बघ." मी बघितलं. पडकी घरं, दगडांचे ढीग, पत्र्याचे शेड, तोंडाला पदर लावलेल्या बायका. खाली खाली जावं तसं तेच. बाईंनी मोबाइल उलटा ठेवला. "सगळीकडं आमचं गाव पडलेलंच दिसतंय. ते कधी उभं पण होतं की नाही? उभं असलेलं कुठंच न्हाय." मग त्यांनी विचारलं, "हे असलं पान आपल्याला करता येतं का गं?" मी म्हटलं, करून देणारे असतात. तर म्हणाल्या, "करून नको देऊ. शिकवणारं कोण आहे ते सांग."

रुबीना ही आमचीच विद्यार्थिनी. तुळजापूरच्या लॉजवाल्यांना, दुकानदारांना वेबसाइट करून देते आणि लोहाऱ्यात संगणकाचे वर्ग चालवते. पहिल्या दिवशी बाई वर्गात शिरल्या तेव्हा ती सवयीनं उठून उभी राहिली. बाई म्हणाल्या, "बस गं. आता तू बाई आणि मी पोरगी." सोबत म्हणून मीही नाव घातलं. बाकीची मुलं आमच्या नातवंडांच्या वयाची.

एचटीएमएल म्हणजे मजकुराला सांगायचं की तू कोण आहेस. तू मथळा, तू परिच्छेद, तू यादी. हे बाईंना फार पटलं. "म्हणजे व्याकरणच की!" खूण, म्हणजे टॅग, उघडली की बंद करायची हेही त्यांना आवडलं, पण पहिल्या दिवशी मथळ्याची खूण बंद करायला त्याच विसरल्या आणि खालचं सगळं पान मोठ्या ठळक अक्षरांत आलं. "अय्यो, सगळं गाव एकदम ओरडायला लागलं!" असं म्हणून स्वतःच हसल्या. दुसऱ्या दिवशी आणखी गंमत. त्यांनी झकास मराठी परिच्छेद लिहिला आणि पडद्यावर डोक्यावर टोप्या घातलेली कसलीतरी परदेशी अक्षरं आली. बाईंचा चेहरा पडला. रुबीनानं दाखवलं की पानाच्या डोक्याशी एक ओळ लिहून ब्राउझरला सांगावं लागतं, हा मजकूर कुठल्या पद्धतीनं साठवलाय ते. ओळ घातली, आणि मराठी जागेवर आली. बाई म्हणाल्या, "आणि भाषा मराठी आहे तेही सांगायचं का?" रुबीना म्हणाली, "सांगितलेलं चांगलं, बाई. वाचून दाखवणाऱ्या यंत्राला कळतं." तेव्हापासून बाईंनी ते कधी सोडलं नाही.

मग सीएसएस सुरू झालं, म्हणजे पानाचं रूप. रंग, अक्षर, अंतर. मी इथंच अडकले. पॅडिंग कुठलं आणि मार्जिन कुठलं, माझी रोज उलटापालट. बाईंनी फळ्यावर चौकोन काढला. "ही घराची भिंत, म्हणजे बॉर्डर. आत माणसं. माणसं आणि भिंत यांच्यात जी जागा ते पॅडिंग. आणि आपली भिंत नि शेजाऱ्याची भिंत यांच्यात जो बोळ ते मार्जिन. कळलं?" मला कळलं, वर्गातल्या पोरांनाही कळलं. पण बाई खडू हातात धरून त्या चौकोनाकडे बघत राहिल्या. त्याच्या बाजूला दुसरा काढला. मग तिसरा, जरा तिरका. म्हणाल्या, "हे कोरेंचं घर. हा बोळ. ह्याच्यापुढं पार..." आणि वर्ग संपला तरी त्या काढतच होत्या. त्या दिवशी ठरलं, जुनं सास्तूर मांडायचं. फोटो नव्हते, नकाशा नव्हता. आठवणीतलं गाव, घरासमोर घर.

रुबीनानं मोठ्या उत्साहानं ग्रिड शिकवलं, पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची मांडणी. बाईंनी घरं बसवली आणि मग हात काढून घेतले. "हे नवं सास्तूर झालं, रुबीना. सरळ रस्ते, एकसारखी घरं. मला जुनं पाहिजे. तिथं एक बोळ सरळ नव्हता." मग रुबीनानं ग्रिडच्या जागांना नावं देण्याची रीत दाखवली. कुठल्या ओळीत कोण शेजारी ते नावं लिहूनच मांडायचं. नावं मराठीत दिली तरी चालतात हे कळल्यावर बाई खुर्चीतच सरसावल्या. कोरे, पार, विहीर, वाणी... ओळीखाली ओळ. पण वळणाचा बोळ लिहिला आणि सगळी मांडणीच कोसळली. एका नावाची जागा चौकोनीच लागते, कोपरा वळलेला चालत नाही. बाई दोन दिवस त्यावर चिडून होत्या, कन्नडमध्ये. तिसऱ्या दिवशी वर्गात आल्या त्या हसतच. वळणापाशी बोळाचे दोन तुकडे करून दोघांना वेगळी नावं दिली होती. "आम्ही पण म्हणायचोच की, पारामागचा बोळ आणि विहिरीकडचा बोळ. मीच विसरले होते." मोबाइलवर मात्र सगळी घरं एकाखाली एक रांगेत यायची. रुबीना म्हणाली, "बाई, लहान पडद्यावर असंच करतात, वाचायला सोपं." बाई ऐकेनात. "गाव काय रेशनच्या रांगेत उभं राहतं का गं? शेजार गेला तर उरलं काय?" शेवटी मोबाइलवर गाव बोटानं आडवं सरकवून बघायचं असं ठरलं.

पान गावात फिरलं आणि बाईंच्या पुढच्या खोलीत माणसं यायला लागली. त्यांनी तिथंच टेबलावर संगणक मांडला होता. "आमच्या परसात चिंच होती, ती कुठाय?" "वाण्याचं दुकान हिकडं न्हाय, तिकडं." दोन म्हातारे पारावरून इतके भांडले की बाईंनी दोघांना चहा देऊन गप्प केलं आणि तिसऱ्याला विचारून पार सरकवला. प्रत्येक घरावर बोट ठेवलं की तिथं राहणाऱ्यांची दोन-चार वाक्यं उघडायची. कोण काय करायचं, कुणाचा आवाज मोठा होता, कुणाच्या घरचं ताक चांगलं असायचं. कोण कसं गेलं हे बाईंनी कुणाच्याच घरात लिहू दिलं नाही.

एका सकाळी शिवमूर्ती अण्णा आले. वय झालेलं, हातात काठी, बाईंच्या वडिलांचे दोस्त. पडद्यासमोर बसून त्यांनी सगळ्या गावातून बोट फिरवलं. मग मान वर करून म्हणाले, "सुलू, समदी घरं हायत. तुझंच घर कुठं हाय?"

मी चमकले. इतके दिवस माझ्याही लक्षात आलं नव्हतं. कोरेंच्या घराला लागून नुसती मोकळी जागा होती. बाई हळूच म्हणाल्या, "अण्णा, मला दार कुठल्या बाजूला होतं ते आठवत न्हाय. चूल आठवती, बसूचा झोका आठवतो... दार आठवत न्हाय. दार नसलेलं घर कसं मांडू?" मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. आपल्याच घराचं दार विसरलो याची लाज त्या एवढे दिवस एकट्या बाळगत होत्या.

अण्णा म्हणाले, "आगं, विहिरीकडं व्हतं. तुझी अव्वा उंबऱ्यात बसून शेंगा फोडायची. म्या पाण्याला जाताना रोज बघायचो. हाक मारून मूठभर शेंगा द्यायची. एकदा बसूनं माझ्या घागरीत खडं टाकलं, तर तिनं त्येला माझ्यादेखत धपाटा घातला आन मग दोघं मायलेक हसाय लागले."

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि रडल्या. भरपूर रडल्या. अण्णा काठीवर हनुवटी टेकून बसून राहिले, मीही बसून राहिले. मग बाईंनी डोळे पुसले, खुर्ची पुढं ओढली आणि तो चौकोन मांडला. विहिरीच्या बाजूची कड तेवढी मोकळी सोडली. आत लिहिलं, 'अव्वा उंबऱ्यात शेंगा फोडत बसायची. बसू खोडकर होता.' टाइप करताना चुका होत होत्या, पण मी मदत केली नाही. पान पुन्हा उघडलं तेव्हा अण्णा वाकून बघत म्हणाले, "व्हय, आत्ता बराबर."

त्यानंतर बाई वेगळ्याच झाल्या. अव्वाबद्दल, बसूबद्दल बोलायला लागल्या. भाजी निवडता निवडता, बसची वाट बघताना, कुठंही. बसू माकडाची नक्कल कशी करायचा ते मला करून दाखवलं, या वयात! मग पोटाचं दुखणं निघालं, आणि ते साधं नव्हतं. सोलापूरला त्यांना भेटायला गेले ती आमची शेवटची नीट भेट. मला वाटलं काही मनातलं बोलतील. त्यांनी उशाचा मोबाइल माझ्या हातात दिला. "नलू, ती फिकट अक्षरं उन्हात दिसत न्हाईत. शेतातला माणूस कसा वाचणार? गडद कर." मी म्हटलं, बाई, आता तरी आराम करा. तर म्हणाल्या, "आराम करतेच आहे की. काम तुला सांगितलंय." मी तिथंच त्यांच्या खाटेवर बसून रुबीनाला फोन लावला आणि तिनं रंग बदलला. बाईंनी पान डोळ्यांसमोर धरून बघितलं, माझा हात दाबला... आणि त्यांना झोप लागली.

दिवसकार्य झाल्यावर महेश घर बंद करून संगणक सोलापूरला न्यायचं म्हणत होता. त्यात वावगं काही नव्हतं. पण त्याच दुपारी बिदरकडून एक बाई आल्या, पार्वतीबाई. भूकंपाच्या आधी लग्न होऊन गेलेल्या, माहेरचं कुणी उरलेलं नाही. कुणीतरी पान दाखवलं म्हणून सुनेला घेऊन इतक्या लांब आल्या होत्या. सुलोचनाबाई गेल्याचं ऐकून उंबऱ्यातच बसल्या. महेशनं त्यांना पाणी दिलं, आत आणलं आणि संगणक सुरू केला. मग माझ्याकडे बघितलं. मी त्या खुर्चीत बसले. पार्वतीबाई सांगत गेल्या, पाराच्या मागं, दारात शेवगा, वडील दोरखंड वळायचे, आई गाणी म्हणायची. मी लिहीत गेले, एकदा खूण बंद करायला विसरले, शोधून काढली. घर पाराच्या मागं येऊन बसलं. पार्वतीबाईंनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि मग सुनेला जवळ ओढलं. जिचा सगळा जन्म सासरी गेला ती बाई तिला म्हणाली, "बघ गं, हे माझं माहेर."

महेश चहा ठेवायला आत गेला. संगणक अजून तिथंच आहे. महेशनं किल्ली माझ्याकडे दिलीय, आणि दर रविवारी सकाळी मी लोहाऱ्याहून जाऊन ती खोली उघडते.